रविवारचे अडीच तास आणि कोरी वही

पत्र

ताई नमस्कार, मला दोन मुलं, मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा साडेतीन. नोकरी करते. आधी बरीच वर्षं कथा लिहायचे, चार-दोन मासिकांत छापूनही आल्या. दुसऱ्या बाळंतपणानंतर जे बंद पडलं ते पडलंच. नवरा चांगला आहे हो, तक्रार नाहीये. त्यानेच सुचवलं की रविवारी सकाळी मी दोघांना बाहेर नेतो, तू लिही. (जाताना त्यांची बॅग मी भरून देते, बाटल्या, जादा कपडे, धाकट्याचं औषध वगैरे, आणि मधे एखादा फोन येतो टोपी कुठे ठेवलीस म्हणून, पण तेवढं चालायचंच.) तर ते अडीच तास मी वही उघडून बसते आणि काही म्हणजे काही सुचत नाही. मग कपाट आवरते. मागच्या वेळी आवरता आवरता रडायलाच आलं. मजा म्हणजे धाकट्याला आंघोळ घालताना, कपडे वाळत घालताना डोक्यात इतकं काय काय येतं, पण तेव्हा हात ओले, आणि रात्री आठवायला जावं तर सगळं गायब.

मधे मी मुलांचे किस्से ऑनलाइन टाकायचे. लोकांना आवडायचे, पुस्तक काढ म्हणायचे. गेल्या महिन्यात मुलगी म्हणाली, "मी रडले होते ते तू सगळ्यांना का सांगितलंस?" तिच्या मैत्रिणीच्या आईने वाचलं होतं. त्या दिवसापासून तेही बंद. आता मुलं सोडली तर माझ्याकडे लिहायला काही उरलंच नाहीये का? एक ऑनलाइन रायटिंग क्लास बघितलाय, रोज पाचशे शब्द लिहायलाच लागतात. लावू का?

— एक वाचक

उत्तर

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा माझी नजर त्या कंसात जाऊन अडकली. बाकी सगळं तू मोकळेपणाने लिहिलंयस, रडल्याचंसुद्धा, आणि बॅगेचं तेवढं कंसात टाकलंस, वर "तेवढं चालायचंच" असं कुलूपही लावलंस. मला विचारशील तर निम्मं उत्तर त्या कंसातच आहे, म्हणून आधी तेच.

रविवारी नवरा मुलांना नेतो म्हणजे मुलांचं शरीर घराबाहेर जातं. मुलांचा विचार घरातच राहतो, तुझ्या डोक्यात. औषध दिलं का, टोपी कुठल्या कप्प्यात, धाकटा साडेदहाला कंटाळणार मग रडणार, येताना ते थेट जेवणार की झोपणार, आणि तसं असेल तर मी आत्ताच काय करून ठेवू. हे सगळं चालू असताना तू कथा सुचायची वाट बघतेस. कशी सुचेल? वेळ मोकळा आहे गं, डोकं कुठे मोकळं आहे.

हे काही मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. २०१९ मध्ये अ‍ॅलिसन डॅमिंजर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंचा एक अभ्यास आला, त्यांनी ३५ जोडप्यांशी सविस्तर बोलून घरातल्या या न दिसणाऱ्या कामाचे चार तुकडे पाडले. आधी काय लागणार आहे ते ओळखायचं, मग पर्याय शोधायचे, मग ठरवायचं, आणि मग ते झालं की नाही यावर लक्ष ठेवायचं. त्यांना असं दिसलं की ठरवायच्या वेळी बहुतेक घरांत दोघं मिळून ठरवतात, पण पहिला आणि शेवटचा तुकडा, म्हणजे आधी ओळखणं आणि नंतर लक्ष ठेवणं, हे जास्त करून बायकांकडेच पडतं. म्हणूनच नवऱ्यांना अगदी प्रामाणिकपणे वाटत असतं की आपण सगळं मिळून करतो. ते ठरवताना हजर असतातच ना! खोटं नाही बोलत बिचारे. त्याआधीचं आणि नंतरचं त्यांना दिसतच नाही. एमा नावाने चित्रं काढणारी एक फ्रेंच बाई आहे, तिने २०१७ मध्ये याच विषयावर एक कॉमिक काढलं आणि ते जगभर फिरलं, त्यातला नवराही असाच, "मग मला सांगायचंस ना" म्हणणारा. सांगायला लागणं हेच एक काम आहे हे त्याच्या गावीच नसतं.

तर करायचं काय. कामं वाटून घेऊ नका, ते तुम्ही बहुतेक करतच असाल. अख्खा विषय देऊन टाक. रविवार सकाळ हा पूर्ण त्याचा विषय. आठवण्यापासून परत येऊन ओले कपडे बादलीत टाकण्यापर्यंत सगळा. बॅग तो भरेल, काय लागतं ते तो आठवेल, विसरला तर तिथल्या तिथे तो निस्तरेल. धाकट्याच्या औषधाचं मात्र एकदा नीट समजावून कागदावर लिहून दे, तिथे प्रयोग नकोत. बाकी टोपी राहिली तर राहिली, ऊन लागतंय म्हटल्यावर सावलीत बसतील आणि पुढच्या वेळी टोपी त्याच्या लक्षात राहील. तू लक्षात आणून दिलंस तर कधीच राहणार नाही.

आणि हे त्याला कुरकुरत सांगू नकोस, सरळ सांग. असं काहीतरी: "अरे, तू त्यांना नेतोस ते मला खरंच हवंय, पण बॅग भरताना माझी सकाळ त्यातच जाते आणि नंतरही डोकं तिकडेच राहतं. पुढच्या रविवारपासून बॅग तूच भर, आणि कोणी पडलं-लागलं नसेल तर मला फोन करू नकोस." एवढंच. मागचा हिशोब काढायचा नाही. माणूस चांगला आहे म्हणतेस म्हणजे ऐकेल, कदाचित जरा फुगेल, दोन रविवार गोंधळ घालेल. खरी परीक्षा तुझी आहे, कारण तो चुकीचे कपडे भरत असताना तुला दारात उभं राहून गप्प बसायचंय, आणि आईच्या जातीला याच्याइतकं अवघड काही नसतं. जमत नसेल तर ते निघेपर्यंत आंघोळीला जा. घरातलं मोठं कोणी म्हणालंच, "अगं, तूच भरून दे ना, पटकन होईल," तर हसून "त्याला छान जमतं" म्हणायचं आणि सटकायचं.

रविवार सुरळीत झाला की अजून एखादा विषय असाच अख्खा दे. मुलीच्या शाळेतून येणारे मेसेज म्हण, किंवा दवाखाना आणि लसी म्हण. एकच दे पण पूर्ण दे. अर्धे अर्धे चार विषय दिलेस तर चारही तुझ्याच डोक्यात राहणार.

आता समज डोकं मोकळं झालं. तरी पहिल्या रविवारी कथा येईलच असं मी म्हणणार नाही, कारण आठवडाभर काही नाही आणि मग अडीच तास सलग, हे प्रकरणच जरा जड आहे. सहा दिवस वहीकडे बघितलेलं नसतं, आणि सातव्या दिवशी वेळ मिळाला म्हणून आपण तिच्याकडून सगळं मागतो. त्यात तो वेळ नवऱ्याने "दिलेला", म्हणजे तो परत आल्यावर काहीतरी दाखवायला हवं हे वर आलंच. ("झालं का काही लिहून?" असं तो विचारतो का दारातून आत आल्या आल्या? विचारत असेल तर तेही बंद करायला सांग.)

बार्बरा हेपवर्थ ही इंग्लंडमधली मोठी शिल्पकार. तिला आधीचा एक मुलगा होता आणि १९३४ मध्ये तिळं झालं, दोन मुली एक मुलगा, एकदम. म्हणजे घरात चार मुलं आणि काम काय तर दगड फोडायचं. तिचं म्हणणं असं होतं की घर आणि मुलं यांनी बाईतली कलावंत मरत नाही, उलट तिला त्यातून मिळतच असतं, फक्त रोज थोडं काम व्हायला हवं, अगदी अर्धा तास का होईना, म्हणजे मनातली चित्रं वाढत राहतात. मला यातलं "वाढत राहतात" हे फार पटतं. त्या अर्ध्या तासात दगड कितीसा फुटणार, पण उरलेल्या साडेतेवीस तासांत ते आत चालू राहतं. तुला रोज अर्धा तास मिळेल असं मी अजिबात म्हणत नाहीये, साडेतीन वर्षांचं पोर घरात असताना दहा मिनिटंसुद्धा पुष्कळ झाली. पण रोज. आणि रविवारचे अडीच तास हे आठवडाभर जे जमलंय त्याचं काहीतरी करायला ठेव. कोऱ्या पानासमोर बसायला नाही.

आठवडाभर जमवायचं कसं, तर ते तू स्वतःच लिहिलंयस, आंघोळ घालताना आणि कपडे वाळत घालताना सुचतं. सुचणारच. हात गुंतलेले, काम ओळखीचं, डोळ्यांपुढे स्क्रीन नाही, कोणी काही विचारत नाही (धाकटा विचारत असेल पण त्याची उत्तरं अर्ध्या झोपेतही देता येतात), अशा वेळी मन आपोआप भटकायला लागतं. म्हणजे तुझं सुचणं बंद झालेलं नाहीये, ते धडधाकट चालू आहे, फक्त ते तुझ्या टाइमटेबलप्रमाणे येत नाही.

इथे बहिणाबाई चौधरींचं नाव आपल्याकडे हमखास येतं, आणि ते कसं येतं मला माहितीये, "बहिणाबाईंना कुठे वेळ होता, जात्यावर दळता दळता ओव्या केल्या, आणि तुम्हाला सगळ्या सोयी असून..." असं टोमण्यासारखं. मला या टोमण्याचा मनापासून राग आहे. एक तर त्या बाईंचं काम अंगमेहनतीचं होतं, जात्याला लय असते, त्या लयीत ओवी बसते. तुझं निम्मं काम लक्षात ठेवायचं आहे, आणि लक्षात ठेवण्याला कसली आलीये लय. दुसरं म्हणजे ही गोष्ट सांगणारे तिचा अर्धा भाग गाळतात. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली कारण त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी त्यातली काही उतरवून ठेवली होती. १९५१ मध्ये त्या गेल्या, सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. जे उतरवलं गेलं नाही ते त्यांच्याबरोबर गेलं. म्हणजे सुचणारी बाई पाहिजे तसा उतरवून घेणाराही पाहिजे, आणि तुझ्या घरात ही दोन्ही माणसं तूच आहेस. तुलाच तुझा सोपानदेव व्हायला लागणार.

ओल्या हाताचं म्हणशील तर साधी सोय कर. बाथरूमच्या बाहेर आणि कपडे वाळत घालतेस तिथे, दोन्हीकडे पेन्सिल आणि कागदाचं पॅड दोरीने बांधून ठेव. पेन्सिल अशासाठी की ओल्या कागदावरही उठते, पेन नाही उठत. फोनवर बोलून रेकॉर्ड करणं सोपं वाटतं, काही जणींना जमतंही, पण फोन हातात घेतला की त्यावर शाळेचा ग्रुप दिसतो, ऑफिसचा मेल दिसतो आणि वाक्य गेलं. जमत असेल तर कर, मी पेन्सिलवाली आहे.

लिहायचं काय ते महत्त्वाचं आहे. "धाकटा बादलीशी बोलत होता, छान कथा होईल" असं लिहून ठेवलंस तर रात्री ते मेलेलं असतं, कारण छान कथा होईल हे तुला तेव्हा वाटलेलं आहे, ते का वाटलं ते कागदावर नाहीये. तो काय बोलला ते शब्द लिही. त्याच्या शब्दांत, पाच-सहाच. त्या क्षणी तुझा हात कुठे होता, खिडकीतून काय दिसत होतं, तुला कशाची आठवण झाली, यातलं एक काहीतरी. बस. वाक्य पूर्ण नसलं तरी चालतं, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. शनिवारी रात्री सगळे कपटे एका डब्यात टाक आणि रविवारी ते मांडून बस. त्यातले निम्मे तुलाच कळणार नाहीत, बरेचसे फालतू असतील, एखाद-दुसरा हलेल. तो घे आणि एक पान लिही. कथा म्हणू नकोस, एक पान म्हण.

एक पान म्हणतेय त्यालाही कारण आहे. आपण पूर्वी ज्या मापाचं काम करायचो त्याच मापाचं आताही करायचा हट्ट धरतो आणि मग जमत नाही म्हणून रडतो. रूथ असावा नावाची एक जपानी-अमेरिकन शिल्पकार होती, सॅन फ्रान्सिस्कोची, सहा मुलं तिला. तिने तारेचे वेटोळे एकात एक अडकवत टांगती शिल्पं केली, आपण विणकाम करतो त्याच्याच जातीचं काम, हे ती १९४७ मध्ये मेक्सिकोत टोपल्या विणणाऱ्यांकडून शिकली होती. घरातच काम करायची, मुलं आजूबाजूला, आणि या कामाचा फायदा असा की ते कुठेही थांबवता येतं आणि कुठूनही उचलता येतं. तारेला भट्टी लागत नाही, माती वाळत नाही. तसंच इमोजन कनिंगहॅमचं. ती फोटोग्राफर, तीन लहान मुलं, त्यातली दोन जुळी, स्टुडिओ बंद करायला लागलेला. १९२०च्या दशकात तिने मुलांवर एक डोळा ठेवून घराच्या बागेतली झाडं, फुलं यांचेच फोटो काढले, इतक्या जवळून की फूल म्हणजे एखादी इमारत वाटावी. आज तिचं नाव निघतं तेव्हा ते फुलांचे फोटो आधी आठवतात. या दोघींनी आपापल्या दिवसात बसेल असं काम शोधलं. तुझी कथा पूर्वी वीस पानांची असेल, आता एका पानाची असू दे. पाच वर्षांनी परत वीसची होईल किंवा नाही होणार, ते तेव्हा बघू.

आता मुलीचं.

तिचं बरोबर आहे. यात मला जराही शंका नाही आणि मला वाटतं तुलाही नाहीये, नाहीतर तू लिहायची थांबली नसतीस. "लोकांना आवडायचे" हे तुझं वाक्य वाचताना मला वाटलं की तिच्या बाजूने ते कसं दिसत असेल बघ, ज्या बाईला ती नीट ओळखत पण नाही त्या बाईला तिचं रडणं माहीत आहे, आणि ते सांगणारी आपली आई.

ए. ए. मिल्न या इंग्रज लेखकाने १९२६ मध्ये विनी द पू हे लहान मुलांचं पुस्तक लिहिलं, त्यातला ख्रिस्तोफर रॉबिन हा त्याचा स्वतःचा मुलगा, नाव सुद्धा तेच ठेवलं. जगाला तो मुलगा फार गोड वाटला. खुद्द मुलगा बोर्डिंग शाळेत गेला तर तिथली पोरं त्याच्या नावाच्या कवितेची रेकॉर्ड लावून त्याला छळायची. मोठेपणी, १९७४ मध्ये, त्याने आठवणी लिहिल्या त्यात हे सगळं आहे, एके काळी बापाबद्दल किती कडवटपणा होता तेसुद्धा. बापाने एक वाईट शब्द लिहिला नव्हता हं. सगळं प्रेमानेच लिहिलं होतं. मुलाचा प्रश्न प्रेमाचा नव्हताच, आपलं नाव आपलं राहिलं नाही हा होता.

म्हणून आधी मुलीला नीट सॉरी म्हण. "अगं पण मी छानच लिहिलं होतं" हे शेपूट न लावता. ती पोस्ट काढ, तिच्या अजून ज्या असतील त्या तिला दाखव आणि ती म्हणेल त्या काढ. आठ वर्षांच्या मुलीला हे बरोब्बर ठरवता येतं, तू बघशील, काही गोष्टी तुला वाटतं लाजेच्या पण ती म्हणेल राहू दे, आणि एखादा साधा किस्सा ज्यात तुला काहीच वाटलं नाही तो काढायला लावेल. यापुढे तिचं काहीही बाहेर जायचं असेल तर आधी तिला वाचून दाखवायचं आणि नाही म्हणाली तर विषय संपला, मनवायचं नाही. धाकट्याला विचारता येत नाही म्हणून त्याचा किस्सा फुकट आहे असं नाही. त्याच्या बाबतीत स्वतःलाच विचार, हा पंधरा वर्षांचा होऊन, वर्गातल्या पोरांसमोर हे वाचेल तेव्हा काय होईल.

मग लिहायला काय उरलं? थोडं कडू बोलते, मोठी आहे म्हणून चालवून घे. मुलांचे किस्से हे तुझं लिहिणं नव्हतंच फारसं. त्यात जे गोड होतं ते पोरांचं होतं, तू ते टिपून पुढे सरकवलंस, आणि लाइक्स आल्या म्हणून लिहिल्यासारखं वाटलं. ज्या बाईच्या कथा मासिकांत आल्या तिला हा फरक आतून माहीत असणार. बहुतेक त्यामुळेच एवढं रिकामं वाटतंय.

मुलगी रडली त्या दिवसाचंच घे. ती का रडली, काय म्हणाली, हे तिचं. ते तिच्या परवानगीशिवाय तुझं नाही. पण त्या वेळी तू काय करत होतीस? दाराबाहेर उभी होतीस का, आत जाऊ की नको असं करत? तुला आधी दया आली की आधी वैताग आला, की आत्ताच रडायचं होतं का हिला, मला मीटिंग आहे? तुझी आई अशा वेळी काय करायची ते आठवलं का? तू तेच केलंस की मुद्दाम उलटं केलंस? हे सगळं तुझं आहे आणि यात मुलीच्या रडण्याचं कारण एका शब्दानेही यायची गरज नाही. आईपणात मुलं असतात त्याच्या दुप्पट आपण असतो. कंटाळा असतो, भीती असते, दुपारी तीन वाजता उगाच येणारा राग असतो, रात्री झोपलेल्या पोरांकडे बघून एकदम सगळं माफ होणं असतं, आणि क्लासच्या बाहेर ताटकळताना शेजारच्या बाईशी आपण जे बोलतो आणि जे बोलत नाही ते असतं. यावर लिहायला तुला कोणाची परवानगी नको. आणि आईपण बाजूला ठेवलं तरी ऑफिसात माणसं आहेतच की, जिन्यात भेटणारे आहेत, तू स्वतः दहा वर्षांची असतानाची तू आहेस.

एक सांगते, नुसतं नाव बदलून भागत नाही. "एक मुलगी होती" असं लिहिलंस तरी तुला ओळखणाऱ्या सगळ्यांना कळतं कोण मुलगी. कथा करायची तर खरोखर कथा कर, मुलीचा मुलगा कर, आठचं पन्नास कर, रडणारी सासू कर. गंमत अशी की असं बदललं की मूळ गोष्ट कधीकधी जास्त खरी होते, कारण "नक्की काय घडलं होतं" याला धरून बसावं लागत नाही.

घरच्या वहीत मात्र सगळं लिही. मुलांचंही, रागाचंही, जे कोणाला कधी दाखवणार नाहीस तेही. फक्त वही अशी ठेव की आठ वर्षांच्या, भरभर वाचणाऱ्या मुलीच्या हाती सहज लागणार नाही.

अजून एक, मधेच घालते. कपाट आवरताना एकदा रडू आलं हे मला अजिबात विचित्र वाटत नाही. पण लिहिण्याखेरीज बाकी गोष्टींतही मन लागत नसेल, ज्यात पूर्वी मजा यायची त्यात येत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आणि हे रोज, दोन आठवड्यांहून जास्त चालू असेल, तर वह्या-पेन्सिली राहू देत, आधी डॉक्टरांना भेट. नैराश्यावर उपचार असतात आणि ते लागू पडतात. आणि मुलांचा वेळ आपण चोरतोय असं वाटायला लागेल तेव्हा स्वतःला विचार की नवरा ऑफिसनंतर खेळायला किंवा मित्रांकडे जातो तेव्हा त्याला कधी असं वाटलं होतं का. नसेल, तर पुढे चल.

राहिला क्लास. आत्ता नको लावूस. रोज पाचशे शब्द हा नियम ज्यांचा दिवस त्यांच्या ताब्यात आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. तुझ्याकडे मूल आजारी पडलं की चार दिवस गेले, मग दोन हजार शब्द मागे पडलीस, मग ग्रुपवर बाकीच्यांचे टिकमार्क बघत बसायचं, म्हणजे लक्षात ठेवायच्या यादीत अजून एक नग वाढला. शिवाय तुझा प्रश्न किती शब्द लिहिते हा नाहीच. दोन-तीन महिन्यांनी हातात सात-आठ पानं जमली तर असा एखादा क्लास किंवा अशी एखादी मैत्रीण बघ जिथे कोणीतरी तुझं अख्खं पान वाचून "इथे मला कंटाळा आला" असं तोंडावर सांगेल. ते फार मिळत नाही, मिळालं तर पैसे मोजावेत. आणि या क्लासला घाईत आधीच नाव घातलं असशील तर चौकशी कर, सुरू व्हायच्या आधी रद्द केलं तर बरेच जण फी परत देतात.